कार्डावरचं चौथं लेबल

कार्ड हिरवं आहे. घडी घातली की शर्टाच्या खिशात मावतं. आत चार रकाने: तारीख, लस, डॉक्टरांची सही, पुढची तारीख. लसीच्या रकान्यात काही लिहायचं नसतं. बाटलीवरचा इवलासा कागद डॉक्टर सोलतात आणि तिथे चिकटवतात. त्याला सगळे लेबल म्हणतात. या कार्डावरची पहिली तीन लेबलं सरळ बसली आहेत. चौथ्यावर सेलोटेपची पट्टी आहे, कारण ते त्या दिवशी ओलं होतं आणि चिकटत नव्हतं. ते ओलं का होतं हे तिथे असलेल्या माणसांपैकी फक्त मला माहीत होतं. मी ते बोललो नाही. लपवायचा हेतू नव्हता. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंच वाटलं नव्हतं.

कार्ड माझ्या मोठ्या बहिणीच्या कुत्र्याचं. तिला आम्ही भावंडं बाई म्हणतो. वाशिम जिल्ह्यात किन्हीराजा गावाच्या बाजूला, डांबरी रस्ता सोडून अर्धा तास चालल्यावर तिचं शेत लागतं आणि शेतातच तिचं दोन खोल्यांचं टिनाचं घर आहे. भाऊजी वारले तेव्हा तिचा मुलगा तिला पुण्याला न्यायला आला. तिने पीक निघेपर्यंतची मुदत मागून घेतली. त्याच सुमारास रस्त्याच्या कडेला एक पिल्लू सापडलं, ते ती ओच्यात घालून घरी घेऊन आली. मुदत संपली तोवर पिल्लाचं कुत्रं झालं होतं आणि रानडुकरं तिच्या धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, अलीकडे येत नव्हती. मुलगा पुन्हा आला. त्याची हरकत एवढीच होती की आई शेतात एकटी राहते, आणि ती रास्त होती. तिने अंगणातल्या कुत्र्याकडे बोट दाखवलं.

"हे हाये तवर मी हाये," ती म्हणाली. "हे गेलं का मंग मले कुठं नेतं तिथं ने."

मुलाने ते मान्य केलं. करार तोंडीच होता, पण दोघांनीही तो मनावर घेतला. दर फोनला तो आधी कुत्र्याची चौकशी करायचा.

कुत्र्याची लस हे काम माझ्याकडे आलं, कारण मी वाशिमला राहतो. जवळच्या गावात जनावरांचा सरकारी दवाखाना आहे, पण तिथे काम मुख्यतः गाई-बैलांचं आणि शेळ्यांचं. कुत्र्याची लस आपण आणली तर डॉक्टर टोचून देत. लस वाशिमच्या औषधाच्या दुकानात मिळे. दुकान उघडायचं दहाला आणि बस सातची, म्हणून लस आदल्या संध्याकाळी घ्यायची, रात्रभर घरच्या फ्रीजमध्ये ठेवायची, सकाळी थर्मासमध्ये बर्फ घालून त्यात ती बाटली सोडायची आणि आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावला बस बदलून दवाखाना गाठायचा, असा क्रम ठरून गेला. बाई तोवर कुत्र्याला चालवत घेऊन आलेली असे. गळ्यात वासराचं दावं, तोंडाला वासराचंच मुसकं. मुसकं मोठं व्हायचं, म्हणून ती ते सुतळीने मागे आवळून बांधायची.

पहिल्या वर्षी कार्ड भरताना डॉक्टरांनी नाव विचारलं. बाईने स्वतःचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, मालकाचं झालं, आता जनावराचं. तिने कुत्र्याकडे पाहिलं. त्याला तिने कधी नाव दिलं नव्हतं, ती त्याला नुसतं "अय" म्हणायची. त्या रकान्यात शेवटी 'कुत्रा' असं लिहिलं गेलं.

जंताच्या गोळीसाठी वजन लागतं. दवाखान्यात कुत्र्याचं वजन घ्यायची सोय नव्हती, म्हणून दर वर्षी समोरच्या धान्य घेणाऱ्याच्या काट्यावर जावं लागे. बाई आधी एकटी काट्यावर चढायची, मग कुत्र्याला कवेत घेऊन. दोन आकड्यांतली वजाबाकी म्हणजे कुत्रं. दुकानदार रोजच्या ओळखीचा होता. "काकू, मालात ओल दिसते," तो कुत्र्याच्या नाकाला बोट लावून म्हणायचा. "असा माल मी नाही घेत." बाई म्हणायची, तुझ्या दुकानात ठेवला तर तूच उपाशी मरशील. मग ती गुळात गोळी लपवायची आणि कुत्रं गूळ चाटून गोळी बरोबर जमिनीवर टाकायचं. डॉक्टर कान बघायचे, दात बघायचे, पोट दाबून बघायचे. पाच मिनिटांत सगळं आटपायचं. तीन वर्षं यात काही चुकलं नाही.

चौथ्या वर्षी एप्रिलमध्ये वाशिमला वीज वरचेवर जात होती. आदल्याच दिवशी घरातलं दूध नासलं होतं. आमच्याकडे वीज जायची लक्षणं दिसली की दुधाची पिशवी वर बर्फाच्या कप्प्यात टाकतात, कारण फ्रीज बंद पडला तरी तो कप्पा सगळ्यांत शेवटी गरम होतो. त्या संध्याकाळी लसही तिथेच ठेवली. दुकानदाराने थंडीतच ठेवा म्हणून सांगितलं होतं. बर्फाच्या कप्प्याहून थंड जागा घरात दुसरी नव्हती.

सकाळी बाटली पांढरी झालेली होती. आतलं औषध गोठून घट्ट झालं होतं. बाटलीच बर्फ झाली आहे म्हटल्यावर थर्मासमध्ये वेगळा बर्फ घातला नाही. मालेगावला बस बदलताना झाकण उघडून पाहिलं तेव्हा औषध अर्धं सुटलं होतं. दवाखान्यात पोचेपर्यंत ते पूर्ण पातळ झालं होतं आणि बाटलीला बाहेरून पाणी सुटलं होतं. थंड होती ना, असं डॉक्टरांनी विचारलं. हो म्हणालो. त्यांनी लस टोचली, लेबल सोललं, पँटवर पुसलं, दोनदा कार्डावर दाबून पाहिलं आणि शेवटी टेबलाच्या खणातून सेलोटेप काढली.

त्या वर्षी, मी उपसंपादक आहे त्या वर्तमानपत्रात, कुत्र्यांच्या लसीकरणाच्या एका शिबिराची बातमी माझ्या टेबलावरून गेली. किती कुत्री, कोणत्या गावची, उद्घाटन कोणाच्या हस्ते, हे सगळं मी वार्ताहराला फोन करून तपासून घेतलं होतं. लस कशी ठेवली होती, हे विचारायचं सुचलं नाही.

सोयाबीनच्या सोंगणीत, म्हणजे कापणीत, ते घडलं. बाईच्या शेतात सात-आठ मजूर बाया होत्या. दुपारी नाल्याच्या बाजूने एक अनोळखी भुरं कुत्रं आलं आणि सरळ पेंढ्यांकडे निघालं. बाईचं कुत्रं आडवं गेलं. बायांनी विळे आणि ढेकळं घेऊन त्या भुऱ्या कुत्र्याला हाकललं, तोवर त्याने बाईच्या कुत्र्याचा कान फाडला होता आणि पुढच्या पायाला दात लावले होते. बाईने कुत्र्याला विहिरीवरच्या मोटारीच्या पाइपाखाली धरलं, कपड्याच्या साबणाने जखमा धुतल्या आणि हळद भरली. हे सगळं उघड्या हातांनी. सोंगणीचा चौथा दिवस होता. सोयाबीनच्या शेंगांनी आणि विळ्याने तिच्या हातांवर जागोजाग चरे पडलेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेतावर पोचलो आणि सवयीने आधी चौकशी केली. एक मजूरीण म्हणाली, भुऱ्या कुत्र्याच्या तोंडाला फेस होता. दुसरी म्हणाली, फेस कुठला, ते तर नाल्यावर पाणी पिऊन राह्यलं होतं, पिसाळलेलं कुत्रं पाणी पिते काय. तिसरीच्या मते ते मेंढरं घेऊन चाललेल्या लोकांचं होतं आणि भुकेलं होतं. तिघीही खात्रीने सांगत होत्या. ते कुत्रं त्याच सकाळी रस्त्याच्या कडेला मेलेलं सापडलं. ते कशाने मेलं, हे कोणी पाहिलं नव्हतं. वास सुटायच्या आत कोणीतरी पुरूनही टाकलं. म्हणजे तपासायला आता काही उरलं नव्हतं.

दवाखान्यात आता नव्या डॉक्टर बदलून आल्या होत्या. तरुण होत्या, कामाला चटपटीत. बैलांना उभं करतात त्या लोखंडी खोड्याला कुत्र्याला बांधून त्यांनी हातमोजे घालून जखमा पुन्हा धुतल्या. मग कार्ड मागितलं. उलगडून वरपासून खालपर्यंत वाचलं.

"मावशी, शेतातल्या कुत्र्याचं इतकं नीट कार्ड मी पहिल्यांदा बघते आहे," त्या म्हणाल्या. "वर्षाच्या आतली लस आहे. घाबरू नका."

बाईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

कार्ड नियमित असल्यामुळे आज एक आणि तिसऱ्या दिवशी एक, अशी दोन इंजेक्शनं पुरेत, असं डॉक्टरांनी सांगितलं. आजची बाटली त्यांच्याकडे होती. बाईचे हात पाहून त्यांनी तिलाही आजच ग्रामीण रुग्णालयात जाऊन दाखवायला सांगितलं. बाई हो म्हणाली, पण तिने ते कानाआड केल्याचं दिसत होतं. पुढची बाटली वाशिमहून कशी आणायची, हे त्यांनी मान खाली घालून लिहिता लिहिता मला सांगितलं. थर्मास चालेल. फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. ही लस गोठली की मरते, मग टोचून काही उपयोग नाही. पुन्हा पातळ झाल्यावर दिसायला मात्र अगदी तशीच दिसते.

मी बरं म्हणालो. खोड्याजवळ बाई कुत्र्याच्या पाठीवर हात फिरवत उभी होती.

बाहेर पडल्यावर मी तिला रुग्णालयात चल म्हणालो. तिने सोंगणी अर्धी पडली आहे असं सांगितलं. शिवाय कुत्र्याचं कार्ड बरोबर आहे असं मॅडमच म्हणाल्या, मग मला कशाला इंजेक्शन, असं तिचं म्हणणं. तिचा हिशेब चुकीचाच होता, कारण धोका त्या भुऱ्या कुत्र्याच्या लाळेचा होता आणि त्या लाळेला कार्ड लागू नव्हतं. पण तिचा सगळा भरवसा त्या कार्डावर होता. कार्डाबद्दल एक वाक्य बोलायचं होतं. ते मी बोललो नाही. बस आली आणि मी वाशिमला परत आलो.

मधे एक पूर्ण दिवस गेला. त्या दिवशी मी कार्यालयात गेलो, नेहमीसारखी पानं लावली. न बोलण्याची मला तीन कारणं सापडली. सगळी लस मेली असेलच असं नाही. भुरं कुत्रं पिसाळलेलं होतं असा पुरावा नाही. दोन इंजेक्शनं होणारच आहेत. एखाद्या वार्ताहराने अशी कारणं दिली असती तर मी त्याची बातमी परत पाठवली असती. तिसऱ्या दिवशी दुसरी बाटली थर्मासमध्ये घेऊन निघालो आणि मालेगावच्या बसस्टँडवरून डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या की अशा वेळी कुत्र्याला मागची लस मिळालीच नाही असं धरावं लागतं. पुस्तकात पहिला पर्याय कुत्र्याला मारण्याचा आहे. तो नको असेल तर पाच इंजेक्शनं आणि सहा महिने बंद खोलीत, कोणाचा हात न लागता. आणि मावशींना आज, आत्ता रुग्णालयात पाठवा.

मी शेतावर पोचलो तेव्हा बाई अंगणात बसून कुत्र्याला भाकरी चारत होती. दुखऱ्या पायामुळे ते उठत नव्हतं, म्हणून ती तुकडा मोडून हातानेच तोंडात देत होती.

"बाई, चौथी लस गोठेल होती," मी म्हणालो.

"म्हंजे?"

"म्हंजे ते लस नव्हती राहिली. पाणी होतं. मी बर्फाच्या कप्प्यात ठेवली होती."

हातातला तुकडा तिने त्याच्या तोंडात दिला. मग हात मागे घेतला आणि बोटांकडे पाहिलं. बोटं ओली होती.

"हे तुले कवा समजलं?"

"परवा. दवाखान्यात."

"परवा," ती म्हणाली. "अन् परवापासून मी याले हातानं चारून राह्यली."

तिने मोटारीखाली जाऊन साबणाने हात धुतले. बराच वेळ धुतले. परत आली तेव्हा मी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं क्रमाने सांगितलं. पहिला पर्याय ऐकून तिने नुसती मान हलवली. दुसरा ऐकून विचारलं, "कोंडलेलं कुत्रं राखण कसं करंन?"

मी उठून मोटारीच्या खोलीचं दार उघडून पाहिलं.

मोटारीची खोली विटांची होती, दाराला पत्रा होता. स्टार्टर काढून बाहेर भिंतीवर लावला आणि कुत्र्याला आत घातलं. दाराखाली चार बोटं फट होती. लोखंडी घमेल्यात भाकरी आणि पाणी ठेवायचं आणि काठीने आत सरकवायचं, असं ठरलं. बाईने रुग्णालयात जाऊन स्वतःची सगळी इंजेक्शनं घेतली. कुत्र्याची पाच डॉक्टर शेतावर येऊन देऊन गेल्या. दर वेळी जाड गोणपाटात गुंडाळून त्याला धरावं लागे. पहिल्या दोन वेळा ते शांत राहिलं. नंतर दार उघडण्याचा आवाज आला की कोपऱ्यात जाऊन दात दाखवू लागलं. मॅडम, हे लक्षण तर नाही ना, असं बाईने विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, सांगता येत नाही, थांबावं लागेल. त्यांनी दिलेल्या सगळ्या उत्तरांत हे सर्वांत प्रामाणिक होतं आणि बाईला ते सर्वांत जड गेलं. त्यानंतर ती रोज सकाळी दाराच्या फटीशी वाकून कुत्रं पाणी पितं की नाही ते बघायची आणि मला फोन करायची. "पेलं," एवढंच सांगायची.

कुत्रं आतून भुंकायचं. पहिले काही दिवस डुकरं त्या आवाजाला बिचकून राहिली. आवाज येतो पण जागचा हलत नाही, हे त्यांना पंधरा दिवसांत कळलं. आधी तुरीच्या कडेच्या ओळी गेल्या. हरभरा घाटे धरू लागला तेव्हा ती मधोमध शिरली. बाई पहाटे उठून डबा वाजवत धुऱ्याने फिरायची. मी तिला वाशिमला येऊन राहा म्हणालो. ती म्हणाली, याले भाकर कोण टाकंन?

जानेवारीत ओलिताच्या दिवशी, डुकरांमागे जाताना ती पाण्याच्या दांडात घसरून पडली आणि उजवं मनगट मोडलं. शेजारच्या शेतकऱ्याने तिला मोटारसायकलवर रुग्णालयात नेलं. दुसऱ्या दिवशी पुण्याहून मुलगा आला.

त्याला मी सगळं आधीच फोनवर सांगितलं होतं. तो आवाज चढवणारा माणूस नाही. मोटारीच्या खोलीसमोर उभा राहून त्याने फटीतून आत पाहिलं, मग माझ्याकडे वळला.

"मामा, दुसऱ्याच्या चुका तर तुम्ही रोज छापता," तो म्हणाला.

मग आईकडे गेला. तिच्याशी तो जे बोलला ते थोडक्यात होतं. कुत्रं आहे तोवर तू आहेस, असं ठरलं होतं. कुत्रं आहे, पण राखण राहिली नाही. मनगट बरं व्हायला दोन महिने लागतील. तिने वाद घातला नाही. प्लास्टरचा हात तिने मांडीवर ठेवला. "खरं हाये तुझं," ती म्हणाली आणि पेटीच्या चाव्या त्याच्याकडे दिल्या.

शेत शेजाऱ्याला बटईने, म्हणजे पिकाच्या अर्ध्या वाट्यावर, दिलं. सहा महिने संपेपर्यंत कुत्र्याला खायला घालायचं त्यानेच कबूल केलं. निघायच्या सकाळी बाई खोलीच्या दाराशी गेली. कुत्रं आतून पत्र्यावर नखं घासत होतं. तिचं पाऊल ओळखून ते बारीक आवाज काढत होतं, भुंकत नव्हतं. अजून अडीच महिने बाकी होते. दार उघडता येत नव्हतं. डाव्या हाताने तिने घमेलं काठीने आत सरकवलं आणि गाडीत जाऊन बसली.

सहा महिने पुरे झाल्यावर डॉक्टर आल्या. कुत्रं पाणी प्यायलं, त्याने भाकरी खाल्ली आणि ते चारही पायांवर सरळ चाललं. सोडा, असं त्या म्हणाल्या. ते आधी घराकडे पळालं. कुलूप हुंगलं, घराला दोन फेऱ्या घातल्या आणि उंबऱ्याशी बसलं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून ते बटईवाल्याच्या मागे गावात जाऊ लागलं. आता तिथेच असतं. शेताची राखण तारेचं कुंपण करतं.

चौथी लस खरोखर मेली होती की थोडी जिवंत होती, ते भुरं कुत्रं पिसाळलेलं होतं की नुसतं भुकेलं, पाच इंजेक्शनांनी हे कुत्रं वाचलं की त्याला काही झालंच नव्हतं, हे कळायला आता मार्ग नाही. कोणी मेलं नाही, कोणी आजारी पडलं नाही. माझ्या टेबलावर आली असती तर ही बातमी मी लावली नसती.

मी दर एप्रिलला लस घेऊन जातो. थर्मासमध्ये आता एक छोटा तापमापक असतो. बटईवाला कुत्र्याला धरतो. माझा वास आला की ते पाय रोवून मागे ओढतं, म्हणून मी दवाखान्याच्या फाटकाबाहेर थांबतो. वजनाला कोणी नेत नाही. डॉक्टर अंदाजाने गोळी देतात.

त्या दिवशी संध्याकाळी पुण्याहून फोन येतो. बाई आधी कान पाहिला काय विचारते, फाटलेला भाग चिघळला तर नाही ना विचारते. तिने मला कधी बोल लावला नाही, ना तेव्हा ना नंतर. पण दर वर्षी एक प्रश्न ती न चुकता विचारते.

"कोणत्या कप्प्यात ठेवली होती?"

"खालच्या," मी सांगतो.

"बरं," ती म्हणते आणि फोन ठेवते.